फुलाबाईची लोटी

"कप म्हणजे किती?" असं बंडोपंतांनी विचारलं तेव्हा सकाळचे सव्वासात वाजले होते आणि खाली सूनबाईंच्या कंपनीची गाडी हॉर्न देत होती. हिंजवडीची गाडी कुणाच्या सासऱ्यासाठी थांबत नाही. अपेक्षा जिना उतरता उतरता म्हणाली, कप म्हणजे आपला चहाचा कप हो बाबा, आणि गेली. बिचारीला वाटलं, विषय संपला.

विषय कसला संपतोय! ज्या माणसाने बत्तीस वर्षं वजनमापं खात्यात निरीक्षक म्हणून काढली, तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेली चिंच ज्याने दुकानाच्या पायरीवरूनच वासाने ओळखली, त्याला 'आपला चहाचा कप' म्हणून गप्प बसवता येत नसतं. बंडोपंतांनी घरातले सगळे कप ओट्यावर मांडले. सात निघाले आणि सातही वेगळे. त्यातल्या एकावर अपेक्षाच्या कंपनीचं नाव होतं आणि त्यात तांब्याभर पाणी मावत होतं. समोर कागद होता, कॉम्प्युटरवरून काढलेला. त्यावर श्रीखंडाची कृती होती आणि पहिलीच ओळ अशी, की चार कप दही घ्या. कुणाचे चार कप, ते लिहिणाऱ्याने आपल्यापाशीच ठेवलं होतं.

त्याचं असं झालं होतं. भुकूमच्या सह्यगंध सोसायटीला पाडव्याला एक वर्ष पुरं होणार होतं. साल दोन हजार सहा. रस्त्यापलीकडे शेतं, अलीकडे तीन इमारती, आणि त्या इमारतींत नागपूर, जळगाव, कोल्हापूर अशी कुठकुठची नोकरदार माणसं येऊन पडलेली. वर्षभरात त्यांची एकमेकांशी ओळख झाली ती पाण्याच्या टँकरवरून भांडताना. म्हणून एकदा सगळ्यांनी शांतपणे एकत्र जेवावं असं ठरलं. एकशे दहा पानं. श्रीखंड विकतचं नको, इथेच करायचं, असा ठराव टाळ्यांच्या गजरात झाला. दही कोण बघणार म्हटल्यावर मात्र सगळे छताकडे बघायला लागले. तेव्हा अपेक्षा म्हणाली, "आमचे बाबा बघतील. त्यांना मापातलं सगळं कळतं."

हे ती उगीच म्हणाली नव्हती. तिचा नवरा ऋषिकेश सहा महिन्यांसाठी जर्मनीला गेला होता आणि सुनेला सोबत म्हणून बंडोपंत अंबाजोगाईहून आले होते. पण सोबत करायची कुणाला? सून सव्वासातला जाणार, रात्री आठला येणार. मधले तेरा तास बंडोपंतांना टाइम विचारायलासुद्धा कुणी यायचं नाही. इथे माझं काम काय, असं ते रोज एकदा म्हणायचे. शेवटी त्यांनी पाडव्याच्या संध्याकाळच्या गाडीचं तिकीट काढलं आणि बॅग भरून खाटेखाली ठेवली. अपेक्षा केर काढताना रोज ती बॅग सरकवायची आणि पुन्हा जागेवर ठेवायची. तिला सासरे हवे होते. एकटीला तो फ्लॅट खायला उठायचा. पण रिकाम्या निरीक्षकाला नुसतं थांबा म्हणून भागत नाही, त्याच्या हाती काम द्यावं लागतं, एवढं तिला कळून चुकलं होतं.

काम मिळालं आणि बंडोपंत दहा वर्षांनी तरुण झाले. कपाचा सोक्षमोक्ष लावायला ते हातात मापाच्या रेघांचं काचेचं नळकांडं आणि नोंदवही घेऊन दारोदार निघाले. आपल्याकडचा एक कप दाखवा, एवढीच त्यांची मागणी होती. पहिल्या घरी त्या कपातून चहा आला. दुसऱ्या घरी साखर उसनी मागायला आलेत असं समजून कप भरून साखर मिळाली. तिसऱ्या घरी नोंदवही बघूनच बाईंनी पाडव्याच्या वर्गणीचे अकरा रुपये हातावर ठेवले आणि पावती नको म्हणाल्या. सल्ला मात्र सगळीकडे फुकट होता. नागपूरकर म्हणाले, आमच्याकडे पातेल्याने मोजतात. जळगावच्या काकू म्हणाल्या, आम्ही डोळ्याने मोजतो. कोल्हापूरच्या ताई म्हणाल्या, मोजायचं कशाला, अंदाजपंचे दाहोदरसे टाकायचं, कधी चुकत नाही. हे वाक्य बंडोपंतांना असं लागलं की त्यांनी त्या घरी पाणीसुद्धा घेतलं नाही.

बावीस घरं फिरून त्यांनी सरासरी कप काढला, एकशे अडुसष्ट मिलिलिटरचा. असा कप भुकूममध्ये एकाही घरी नव्हता, पण हिशेबाला चोख होता.

तेवढ्यात दयानंद आडवा आला. दयानंद सोसायटीचा सेक्रेटरी, घोटावड्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. कागदावर असल्याशिवाय त्याच्या हातून टाचणी सुटत नसे. त्याने श्रीखंडासाठी छापील मागणीपत्र तयार केलं होतं आणि त्यात एकच रकाना होता, किलो. बंडोपंत म्हणाले, दही गावातून येणार आणि गावात ते लिटरने मिळतं. दयानंद म्हणाला, मग किलोत करून आणा, माझ्या फॉर्मात लिटर बसत नाही. म्हणजे कृती कपात, फॉर्म किलोत आणि दही लिटरमध्ये. याहून सोप्या कारणांवरून राज्यं बुडाली आहेत.

बंडोपंतांना याच्याही मुळाशी एक प्रश्न दिसत होता. घन पदार्थ वजनाने मोजावा आणि द्रव मापाने, हा त्यांच्या खात्यातला पहिला पाठ. मग दही घन की द्रव? माप भरताना वर शीग येते, म्हणजे घन. घेऊन चाललं की ती शीग ओघळते, म्हणजे द्रव. बत्तीस वर्षांत हे कुणाच्या डोक्यात कसं आलं नाही याचं त्यांनाच नवल वाटलं. त्यांनी खात्यातल्या जुन्या हाताखालच्या माणसाला, जयसिंगला, फोन लावला. जयसिंगने अदबीने सगळं ऐकून घेतलं आणि लेखी अर्ज पाठवा साहेब, आवक क्रमांक पडला की बघतो, असं सांगितलं. हे वाक्य जयसिंगला कुणी शिकवलं होतं ते बंडोपंतांना चांगलं ठाऊक होतं. त्यामुळे त्यांना रागवायचीही सोय राहिली नाही. त्यांनी अर्ज पाठवला.

आता उरला प्रत्यक्ष प्रयोग. ओढ्यापलीकडे फुलाबाई राहायची. चार म्हशी, आणि दही असं की मडकं उपडं केलं तरी हलणार नाही. बंडोपंत पहिल्यांदा गेले ते नुसतेच, डबा घेऊन. फुलाबाईने पितळेची एक पोचे पडलेली लोटी काढली.

"ही लिटरची लोटी, सायेब. माज्या सासूच्या येळची हाय."

लोटी शिगोशीग भरून तिने डब्यात उपडी केली आणि हाताने दह्याची एक जाड कवडी उचलून वर टाकली. ही वरची, म्हणाली. बंडोपंतांनी नोंदवहीत लिहिलं, एक लिटर. लोटी तपासायला हवी होती, हे त्यांच्या मनात आलं. पण मापांची पेटी घरी होती, ऊन चढत होतं, आणि निवृत्तीने माणूस जरा ढिला पडतो. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी विकणाऱ्याच्या तोंडच्या मापावर विश्वास ठेवला.

घरी येऊन त्यांनी दही तोललं. एक किलो दोनशे नव्वद ग्रॅम. पुन्हा तोललं, तेवढंच. लिटरभर दही फार तर किलोच्या वर तीसचाळीस ग्रॅम भरावं. पण काटा खोटं बोलत नाही आणि फुलाबाई खोटं बोलेल असं वाटत नाही, तेव्हा बंडोपंतांनी निष्कर्ष काढला की मुळशीचं दहीच जड. इकडचं पाणी, इकडचा चारा. संध्याकाळी त्यांनी हे अपेक्षाला उत्साहाने समजावून सांगितलं. ती दमून आली होती, तरी हो का, हो का, म्हणत राहिली. मग तिने ते दही पंच्यात बांधून नळावर टांगलं. सकाळी चक्का भरला साडेपाचशे ग्रॅम. एकशे दहा पानांना सहा किलो चक्का हवा, म्हणजे अकरा लिटर दही. आणि दयानंदच्या फॉर्मसाठी चौदा किलो एकशे नव्वद ग्रॅम. बंडोपंतांनी हे शाईने लिहिलं, खाली सही केली, तारीख घातली. नोंदवहीत खाडाखोड करायची नाही, हा खात्यातला दुसरा पाठ.

पाडव्याच्या दोन दिवस आधी ते फुलाबाईकडे मागणी द्यायला गेले ते मात्र पेटी घेऊनच. पेटी सागवानी, आतून मखमलीची, आणि तिच्यात शिक्का मारलेलं लिटरचं माप. सवयीने त्यांनी लोटी मागितली आणि लिटरभर पाणी तिच्यात ओतलं. लोटी भरेना. आणखी ओतलं. दीडशे मिलिलिटर जास्त घेतलं तेव्हा कुठे काठाला आलं.

बंडोपंत लोटीकडे बघतच राहिले. बत्तीस वर्षांत त्यांनी बुडात मेण ओतलेली मापं पाहिली होती, तळ आत ठोकलेली पाहिली होती, दुहेरी बुडाची पाहिली होती. झाडून सगळी लहान. मोठं माप वापरणारा माणूस त्यांना कधी भेटलाच नव्हता. अशा वेळी शहाण्या माणसाने काय करावं? घरी जावं आणि आपला हिशेब पुन्हा मांडावा. कारण ज्या लोटीला लिटर समजून सगळं गणित केलं ती लिटरची नव्हतीच, आणि वर ती कवडी होती ती वेगळीच. पण बंडोपंतांना त्या क्षणी गणित दिसलं नाही, गुन्हा दिसला.

"बाई, ही लोटी मोठी आहे."

"व्हय. मग?"

"मोठं माप वापरणं हासुद्धा गुन्हाच आहे."

"गिऱ्हाइकाला जास्ती गेलं तरी?"

"तरी. लहान काय आणि मोठं काय, खोटं माप ते खोटं माप. आज जास्त देतंय म्हणून गप्प बसायचं, उद्या त्याच मापाने कुणी तुमच्याकडून घेतलं तर?"

फुलाबाईने लोटीतलं पाणी अंगणात ओतून दिलं. या माणसाला हसावं की याच्यासमोर रडावं ते तिला ठरवता येत नसावं. मग म्हणाली, "बरं. तुमच्या मापानं घ्या."

पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी तसंच घेतलं. बंडोपंतांनी शिक्क्याचं माप भरायचं, त्यावर लाकडी पट्टी फिरवून शीग काढायची, काढलेलं दही परत फुलाबाईच्या मडक्यात टाकायचं. कवडी वर्ज्य. अकरा वेळा. फुलाबाई कमरेवर हात ठेवून बघत होती. तोलायचं कारण नव्हतं, लिटरचे किलो करायचा आकडा वहीत सहीनिशी तयारच होता. दयानंदने त्यावरून फॉर्म भरला, मिळाले म्हणून शिक्का मारला, आणि सोसायटीच्या हॉलमध्ये पंख्यांच्या आकड्यांना पांढऱ्या फडक्यांची गाठोडी लोंबायला लागली. खाली पातेल्यांत दिवसभर टपटप चालू. येणारेजाणारे डोकावून जायचे. नागपूरकर म्हणाले, काका, एकदम प्रोफेशनल. बंडोपंतांनी पातेली सरळ केली, पण मान ताठ ठेवली.

संध्याकाळी गाठोडी सोडली. अपेक्षा त्या दिवशी लवकर आली होती, पदर खोचून तयार होती. चक्का काट्यावर चढला. चार किलो आठशे चाळीस.

बंडोपंतांनी चष्मा पुसला. काटा पुसला. पुन्हा तोललं. मग नोंदवही उघडली आणि त्यांच्याच सहीने लिहिलेलं 'एक लिटर' त्यांच्याकडे बघायला लागलं. माणसाला आपली चूक कळते तेव्हा ती एकदम, सगळीच्या सगळी कळते. मुळशीचं पाणी जड नव्हतं. लोटी मोठी होती, वर कवडी होती. खोट्या मापाने हिशेब केला होता आणि खऱ्या मापाने दही घेतलं होतं. साडेअकराशे ग्रॅमच्या वर चक्का कमी.

"म्हणजे एकवीस पानं," ते हळूच म्हणाले. "एकवीस माणसं श्रीखंडाशिवाय उठणार."

अपेक्षा म्हणाली, थोडं थोडं कमी वाढू. त्यांनी मान हलवली. आयुष्यभर ज्यांनी थोडं थोडं कमी वाढलं त्यांना त्यांनी दंड केला होता. विकत आणू, ती म्हणाली. तर ठराव घरच्याचा आणि दयानंद पावती मागणार. खुर्चीवर बसून बंडोपंत जमिनीकडे बघायला लागले. त्यांना फार वाईट वाटत होतं. उद्या संध्याकाळची गाडी आहे ते बरंच झालं, असं ते म्हणाले.

"बाबा," ती म्हणाली, "फुलाबाईंकडे जा."

"कुठल्या तोंडाने जाऊ? मी त्यांना गुन्हेगार म्हणून आलोय."

"मी येऊ बरोबर?"

नको म्हणाले. बत्तीस वर्षांचा मान गिळायचा तर निदान सुनेच्या देखत नको.

ओढा ओलांडून गेले तेव्हा फुलाबाईच्या धारा काढून झाल्या होत्या. बंडोपंतांनी वाटेत तीन वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना. ते म्हणाले, "बाई, माझा हिशेब चुकला."

"ठाऊक हाय," फुलाबाई म्हणाली. "बसा."

तिने आढ्याकडे बोट दाखवलं. तिथे एक गाठोडं टांगलेलं होतं आणि खाली परात होती.

"अकरा लोट्या म्हणून मी दही लावलं हुतं. वरच्या कवड्या धरून. तुमच्या मापानं घिऊन जे माज्या मडक्यात उरलं, ते सकाळीच टांगून ठिवलंय. म्हनलं, सायेब येत्यात संध्याकाळी."

"मग सकाळीच का नाही सांगितलंत?"

"तुमी ऐकलं असतं व्हय?"

यावर बंडोपंतांनी प्रामाणिकपणे विचार केला आणि नाही म्हणाले. फुलाबाई हसली. मग तेही हसले, आणि भुकूमला आल्यापासून आपण असं हसलोच नव्हतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. गाठोडं सोडून त्यांनी तिथल्याच काट्यावर तोललं. एक किलो दोनशे दहा. म्हणजे सगळा मिळून सहा किलो पन्नास. पन्नास ग्रॅम जास्त होतात, हे सांगायचा मोह त्यांनी मोठ्या मुश्किलीने आवरला.

निघताना ते पैशाचं विचारायला लागले तर फुलाबाईने हातानेच थांबवलं. पैशाचं ऱ्हाऊ द्या, म्हणाली, माझं दुसरंच काम आहे. पौड रस्त्यावरचा एक हॉटेलवाला रोज सकाळी तिच्याकडून दही न्यायचा. बादली त्याचीच, दहा लिटरची म्हणून. फुलाबाईच्या मोठ्या लोटीने जी नऊ लोट्यांच्या आत भरायला हवी, ती अकरा-बारा लोट्या गिळायची. वस्तीवरच्या आणखी चौघी त्यालाच घालत होत्या आणि चौघींची तीच रड. बादली मोठी आहे म्हटलं, तर हॉटेलवाला म्हणायचा, मावशी, तुमचीच लोटी लहान.

"तुमी म्हनला तवा माज्या डोक्यात उजेड पडला," फुलाबाई म्हणाली. "मोठं माप बी गुन्हाच. त्याच मापानं कुणी आपल्याकडनं घेतलं तर काय? आवो, त्येच तर चाललंय हितं. ती बादली बगा की तुमच्या पेटीनं."

बंडोपंत दारात तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "बाई, मी आता रिटायर आहे. माझ्याकडे शिक्का नाही."

"शिक्का न्हाई तर न्हाई. माप हाय, तोंड हाय. आमाला तेवढं बास. उद्या पाडव्याचं हाटेल बंद, परवा सकाळी सातला येतोय त्यो."

परवा. गाडी उद्याची होती. चक्क्याचं पातेलं दोन्ही हातांनी धरून, ओढ्याच्या दगडांवरून जपून पाय टाकत बंडोपंत घरी आले.

पाडव्याला एकशे दहा पानं उठली. आयत्या वेळी फुलाबाई आणि तिच्या चौघी मैत्रिणी आल्या तेव्हा श्रीखंड पुरेल का म्हणून दयानंदचा चेहरा पडला. पण कोल्हापूरच्या ताई वाढत होत्या, अंदाजपंचे, आणि सगळ्यांना पुरून वाटीभर उरलं. ते का उरलं याचा हिशेब बंडोपंतांनी मनातल्या मनात दोनदा केला, जमला नाही, आणि सोडून दिला. दुपारी त्यांना जयसिंगचा फोन आला. दही घन की द्रव याबाबतचा अर्ज पुढच्या कार्यालयाकडे पाठवला आहे, कळावे. बंडोपंत म्हणाले, घाई नाही जयसिंग, मी इथेच आहे. फोन ठेवल्यावर आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आलं.

पाच वाजता अपेक्षा त्यांच्या खोलीच्या दारात आली. गाडी साडेसहाची होती आणि रिक्षा बोलवायची का, हे विचारायचं तिच्या जिवावर आलं होतं. बंडोपंत खाटेशी वाकून बॅग बाहेर ओढत होते. कपड्यांची चळत कपाटात लावलेली होती. तिने बॅग उचलून बघितली तर ती रिकामी.

"ही माळ्यावर टाक," ते म्हणाले. "खाटेखाली मला जागा पाहिजे. पेटी ठेवायचीय."

"कायमची?"

"आता ते कसं सांगणार? एक बादली तपासायचीय. मग आणखी कुणाचं काही निघेल. गाव मोठं आहे." आणि पेटी खाटेखाली सरकवत म्हणाले, "आणि हे बघ, उद्यापासून दही मी आणणार. फुलाबाईच्या लोटीनेच."

"ती तर मोठी आहे ना बाबा? गुन्हा आहे."

"आहे," बंडोपंत म्हणाले. "तू स्टूल आण आधी."

तिने स्टूल आणलं. बॅग माळ्यावर अगदी मागे, भिंतीपर्यंत ढकलली, आणि खाली उतरून दोघांच्या चहाचं आधण ठेवलं, सात कपांतले सगळ्यात मोठे दोन काढून.